थेंब टिकला म्हणून लेप साधला?

स्टार्च, चिटोसान, पेक्टिन, अल्जिनेट, जिलेटिन या जैविक पदार्थांच्या फिल्म आणि फळांवर चढवायचे लेप यांविषयी आज जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक मत जवळजवळ निर्विवाद होऊन बसले आहे. या फिल्ममध्ये तेल मिसळायचे तर ते सर्फॅक्टंटऐवजी सूक्ष्म घन कणांनी धरून ठेवावे. असे इमल्शन अधिक स्थिर असते, आणि इमल्शन जितके स्थिर तितकी फिल्म सरस, असे ते मत. प्रकल्प-प्रस्तावांत ते गृहीतक म्हणून येते आणि शेवटी निष्कर्ष म्हणूनही तेच बाहेर पडते. महिनाभर न फुटलेल्या इमल्शनच्या बाटलीचे छायाचित्र दाखवले, की त्यापासून होणाऱ्या फिल्मचा अर्धा खटला जिंकल्यासारखे मानले जाते. या मताचा मी येथे प्रतिवाद करणार आहे. कणांनी स्थिर केलेल्या इमल्शनचा मी विरोधक नाही. या विषयावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच भलत्या कारणासाठी होणारी त्याची स्तुती मला सोसत नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. तेल आणि पाणी घुसळले की थेंब होतात आणि थोड्याच वेळात एकमेकांत मिसळून पुन्हा वेगळा थर धरतात. हे थांबवण्यासाठी साबणाच्या जातीचे रेणू, म्हणजे सर्फॅक्टंट, वापरण्याची रीत जुनी आहे. वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी १९०७ मध्ये दाखवले, की हेच काम न विरघळणारे बारीक घन कणही करतात. कण तेलाने आणि पाण्याने दोन्हींनी थोडे थोडे भिजणारा असला, की तो थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि त्याचे कवच बनतो. तो तेथून उपटून काढायला किती ऊर्जा लागेल, याचे सूत्र साधे आहे. ती ऊर्जा कणाच्या त्रिज्येच्या वर्गावर, तेल-पाण्यातल्या आंतरपृष्ठीय ताणावर आणि कण कोणत्या कोनात भिजतो त्यावर ठरते. त्रिज्या १० नॅनोमीटर, ताण ५० मिलिन्यूटन प्रतिमीटर आणि संपर्ककोन ९० अंश धरला, तर ही ऊर्जा खोलीच्या तापमानातल्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ३८०० पट भरते. म्हणजे कण एकदा बसला की आपणहून उठत नाही. सर्फॅक्टंटचा रेणू मात्र सतत येत-जात असतो.

या पायावर तीन दावे उभे केले जातात. कण उठत नाही, म्हणून थेंब फिल्म वाळतानाही टिकतात. थेंब टिकतात, म्हणून पाण्याला न जुमानणारे तेल फिल्मभर समान पसरते आणि बाष्प अडवते. आणि सर्फॅक्टंट लागत नाही, म्हणून सारे नैसर्गिक आणि निर्धोक. साखळी सुबक आहे. पण तिच्या कड्या एकमेकींत खरोखर अडकल्या आहेत का?

पहिली कडी पाहू. ३८०० हा आकडा बहुतेक ठिकाणी सांगितला जातो. तो ९० अंशांचा आहे, हे मात्र वाचकाला क्वचितच सांगितले जाते. त्याच कणाचा संपर्ककोन ३० अंश असेल, तर तीच ऊर्जा सुमारे ७० पटींवर येते. १० अंश असेल, तर ती औष्णिक ऊर्जेहूनही कमी, म्हणजे कण बसून राहण्याचे कारणच उरत नाही. शिवाय ताण ५० असतो तो हेक्झेनसारख्या हायड्रोकार्बनचा. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो त्या लवंग, दालचिनी, ओव्याच्या तेलांतले घटक पाण्याशी बऱ्यापैकी सलगी करणारे असतात, आणि त्यांचा ताण त्याहून पुष्कळ कमी असतो. तरीही मी हा मुद्दा ताणणार नाही. योग्य कण निवडला तर तो घट्टच बसतो, हे मला मान्य आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. फिल्म बिघडते ती कण उपटला गेल्यामुळे बिघडते, असे कोणी सिद्ध केले? थेंब एकमेकांत मिसळायला कण सुटावा लागत नाही. कवचात उघडी जागा मिळाली की पुरे. गोल, एकसारखे कण सपाट पृष्ठावर जास्तीत जास्त दाटीने लावले, तरी ९१ टक्केच जागा झाकली जाते. ९ टक्के उघडी राहते. आता वाळण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणा. २ टक्के घनभाग असलेल्या द्रावणाचा २ मिलिमीटर जाडीचा थर साच्यात ओतला, तर वाळून त्याची साधारण ४० मायक्रोमीटरची फिल्म होते. हे आकुंचन जवळजवळ संपूर्ण उभ्या दिशेने होते. त्यात सापडलेला गोल थेंब चपटा होतो. त्याची उंची रुंदीच्या निम्मी झाली, तर आकारमान तेच राहूनही पृष्ठभाग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. कण मात्र तेवढेच. पाणी आटलेल्या दाट मिश्रणात नवे कण धावत येऊन ती जागा भरतील, ही आशा व्यर्थ आहे. बाटलीत कवच पुरेसे होते. फिल्ममध्ये तेच कवच अपुरे पडते, तेही एकही कण न सुटता.

आणखी एक गोष्ट. बाटलीतले इमल्शन आणि फिल्ममध्ये जाणारे इमल्शन एकच असते का? सेल्युलोजचे नॅनोस्फटिक घ्या. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यावर तीव्र गंधकाम्लाची क्रिया करून ते काढतात. त्या क्रियेत त्यांच्या पृष्ठभागावर सल्फेटचे ऋण भार चढतात. हे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून थेंबावर दाटी करायला बहुधा थोडे मीठ घालावे लागते. फ्रान्समधील नान्तच्या संशोधकांनी २०११ पासूनच्या कामात हे नीट उलगडून दाखवले. आता असे इमल्शन चिटोसानच्या द्रावणात ओता. आम्लात विरघळलेले चिटोसान धनभारित असते. ते लगोलग त्या ऋणभारित स्फटिकांना चिकटते. कधी त्यातून थेंबाभोवती दुहेरी, अधिक मजबूत कवच बनते; कधी थेंबांचे पुंजके होतात. दोन्ही शक्य आहे, आणि कोणते घडेल हे बाटलीतला महिनाभराचा मुक्काम सांगू शकत नाही. पाणी उडत जाते तसे मीठ आणि आम्ल यांचे प्रमाणही बदलत राहते. ज्या परिस्थितीत स्थैर्य मोजले ती परिस्थितीच फिल्ममध्ये उरत नाही.

थेंबाच्या मापाचाही विचार करा. क्विनोआच्या स्टार्चचे कण १ ते ३ मायक्रोमीटरचे असतात आणि ते धरून ठेवतात ते थेंब कित्येकदा दहापट किंवा त्याहून मोठे. असे इमल्शन सॉसमध्ये उत्तम चालेल. पण संत्र्यावरचा लेप काही मायक्रोमीटर जाडीचा असतो. लेपाहून मोठा थेंब लेपात मावणार कसा? तो टिकला, हे त्याचे भूषण की अडचण? पहिली कडी येथे निसटते.

दुसरी कडी सर्वांत महत्त्वाची, म्हणून येथे मी वाचकाला जरा थांबायला सांगतो. जैविक फिल्मची मुख्य उणीव पाण्याची वाफ अडवता न येणे ही आहे, यात वाद नाही. स्टार्च किंवा चिटोसानच्या फिल्ममधून पॉलिथिनच्या तुलनेत शंभरपट किंवा अधिक बाष्प जाते. हे अंतर तेलाचे थेंब पेरून भरून निघेल, असे सांगितले जाते. निघेल का?

हा प्रश्न सोडवण्याचे साधन दीडशे वर्षांपूर्वीच हाती आले आहे. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या विद्युत आणि चुंबकत्वावरील ग्रंथात, एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे गोल पेरले असता त्यातून वीज कशी वाहील याचे गणित मांडले. बाष्पाच्या झिरपण्याला तेच गणित लागू पडते. थेंब पाण्याला पूर्ण अभेद्य आहेत, एवढी मोठी सवलत पूर्वपक्षाला देऊ. फिल्मच्या आकारमानात १० टक्के तेल असेल, तर बाष्पवहन सुमारे १४ टक्क्यांनी घटते. २० टक्के असेल, तर २७ टक्क्यांनी. निम्मी फिल्म तेलाची केली, तर ६० टक्क्यांनी. शंभरपट घट हवी असेल, तर फिल्मचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग तेलाचा हवा. त्याला फिल्म कोण म्हणेल? थेंब फार दाट झाले की हे सूत्र ढिले पडते, हे खरे. पण २० टक्क्यांपर्यंत त्यावर भरवसा ठेवता येतो, आणि प्रत्यक्षातल्या बहुतेक फिल्म त्याच टापूत असतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या सूत्रात थेंबाचे माप कोठेही येत नाही. थेंब बारीक केले म्हणून केवळ तेवढ्याने वाफ अडत नाही.

आता तेलाऐवजी तेवढेच १० टक्के मेण घेऊन ते थेंबांच्या रूपात न पेरता फिल्मवर सलग पातळ थर म्हणून दिले तर? मेणाची पारगम्यता फिल्मच्या हजारांश धरू. एकामागून एक आलेल्या थरांचे रोध बेरजेने वाढतात. हिशेब सरळ आहे: उरलेल्या ९० टक्के जाडीचा रोध ०.९ आणि मेणाचा १००. एकूण बाष्पवहन सुमारे शंभरांशावर येते. मेण तेवढेच. पेरले तर घट १४ टक्के, पसरले तर ९९ टक्के. सलग थराला चिरा पडतात, तो सोलवटतो, दोनदा लेपन करावे लागते, या त्याच्या अडचणी मी जाणतो. पण ही तफावत केवळ कागदावरची नाही. अमेरिकेत कॅम्पर आणि फेनेमा यांनी १९८४ मध्ये सेल्युलोजजन्य पदार्थ आणि मेदाम्ले यांच्या फिल्मवर जे काम केले, आणि पुढे फ्रान्समध्ये दिजोंच्या मंडळींनी पॅराफिन मेणावर जे केले, त्यांचा कौलही याच बाजूचा आहे. वाफ अडवणारा मेद थेंबांत विखुरलेला नसावा, सलग असावा.

यावर प्रतिपक्षाचे एक चांगले उत्तर आहे, ते दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मॅक्सवेलचे थेंब गोल आहेत. वाळताना ते चपटे होतात, आणि आडव्या चपट्या थेंबांच्या चळतीतून वाट काढताना बाष्पाला लांब वळसा पडतो, म्हणून रोध वाढतो. हे बरोबर आहे. पण थेंबाला आणखी चपटे होण्यापासून, पसरण्यापासून, शेजाऱ्याला मिळून सलग थर होण्यापासून कोण रोखते? कणांचे ताठ कवचच! ज्या गुणासाठी कण आणले, तोच गुण या कामी आडवा येतो. त्यात ते कवच सेल्युलोजचे किंवा स्टार्चचे असेल, तर ते स्वतः पाणी शोषणारे आहे. एकदा शपथेवर सांगायचे की स्थिर थेंब हवेत, आणि नंतर चपट्या थेंबांचे श्रेय मागायचे, हे दोन्ही एकत्र कसे चालेल?

मग कण-स्थिरीकृत इमल्शन घातल्यावर बाष्पवहन कमी झाल्याचे इतके निबंध सांगतात, ते सारे खोटे का? मुळीच नाही. आकडे खरे आहेत. तुलना अपुरी आहे. बहुतेकदा तुलना साध्या, तेलविरहित फिल्मशी केलेली असते. नुसते नॅनोसेल्युलोज घातले तरी फिल्म थोडी आवळते आणि बाष्प थोडे अडते. तेलाविना केवळ कण घातलेली फिल्म, सर्फॅक्टंटने केलेल्या इमल्शनची फिल्म, आणि तेवढाच मेद सलग थरात दिलेली फिल्म या तिन्हींशी तुलना केल्याखेरीज श्रेय कोणाचे, हे ठरवता येत नाही. साक्षीदार एकच आणि तोही वादीचाच, असा खटला कोणता न्यायाधीश निकाली काढील?

तिसऱ्या कडीवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. सर्फॅक्टंट म्हणजे कृत्रिम आणि कण म्हणजे नैसर्गिक, ही विभागणीच चुकीची आहे. सोयाबीनमधले लेसिथिन सर्फॅक्टंट आहे. उलट स्टार्चचे कण थेंबावर बसावेत म्हणून त्यांच्यावर बहुधा ऑक्टेनिल सक्सिनिक अनहायड्राइडची रासायनिक क्रिया करतात. सेल्युलोजच्या नॅनोस्फटिकांना गंधकाम्ल लागते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून चिटोसान काढायला तीव्र कॉस्टिक सोडा लागतो. मक्यातले झीन विरघळवायला अल्कोहोल. यातले काही गैर आहे असे मी म्हणत नाही. खाद्यपदार्थांत चालणारे पदार्थ यांतून निर्माण होतात. पण निर्धोकपणा चाचणीने ठरतो, वंशावळीने नाही.

येथवर खंडन झाले. पण कणांचा पक्ष मी एवढ्यावर सोडून देणार नाही, कारण त्यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या वकिलांनीच झाकून ठेवले आहे.

स्पेन्सर पिकरिंग हे इंग्लंडमधल्या वोबर्न येथील प्रायोगिक फळबागेत काम करत होते. ती त्यांनीच १८९४ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्यासह सुरू केली होती. किडींचा नाश करण्यासाठी फळझाडांवर पॅराफिन तेलाचे इमल्शन फवारायचे होते. मोरचूद आणि चुना एकत्र केल्यावर जे बारीक अविद्राव्य कण तयार होतात ते तेल धरून ठेवतात, हे त्यांना त्या कामात आढळले. नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार ज्या बोर्डो मिश्रणाला ओळखतो, त्याच कुळातले हे कण. म्हणजे या शोधाचा जन्म झाडाच्या सालीवर आणि पानावर तेल टिकवण्यासाठी झाला. त्यात कणाचे काम दुहेरी होते: तेल धरायचे आणि स्वतः तांब्याचा बुरशीनाशक गुण द्यायचा. ही दुहेरी भूमिका आज विसरली गेली आहे. मी म्हणतो, तीच या विषयाचे मर्म आहे.

कणाकडे सर्फॅक्टंटचा पर्याय म्हणून पाहणे सोडा. तो फिल्मचा अवयव आहे. सर्फॅक्टंटने धरलेला थेंब फिल्मच्या जाळ्यात परक्यासारखा असतो. त्याच्या आणि जाळ्याच्या दरम्यान बंध नसतो, म्हणून थेंब जितके जास्त तितकी फिल्म दुबळी. पृष्ठभागावर सेल्युलोजचे स्फटिक असलेला थेंब मात्र स्टार्चच्या किंवा चिटोसानच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंधांनी आणि भारांनी जोडला जातो. थेंब मऊच राहतो, पण तो जाळ्याला बांधलेला असतो, आणि तेल घातल्याने जाणारी ताकद बरीच वाचते. शिवाय मुक्त सर्फॅक्टंट फिल्ममध्ये सरकतो, साखळ्यांमध्ये शिरून तिला मऊ करतो, पाणी ओढतो. हा उपद्रव कणांमुळे टळतो. लिग्निनचे कण वापरले, तर त्यांत अतिनील किरण शोषण्याचा गुण आयता मिळतो. हे फायदे ठोस आहेत, आणि त्यांतला एकही बाटलीत दिसत नाही.

सर्वांत मोलाचा गुण सुगंधी तेलांच्या बाबतीत आहे. आंब्यावरचा करपा आणि देठकूज, संत्र्यावरची हिरवी बुरशी यांविरुद्ध लवंगेतले युजेनॉल किंवा दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड प्रभावी ठरू शकते. अडचण अशी, की ही तेले उडून जातात. लेप वाळेपर्यंतच त्यांचा मोठा वाटा हवेत जातो. कणांच्या कवचाने ती बाटलीबंद होतात, असे वर्णन केले जाते. तेही चूक. नान्तच्या त्याच संशोधकांनी दाखवले, की सेल्युलोजच्या लांब स्फटिकांचे जाळे थेंबाचा निम्म्याहून कमी पृष्ठभाग झाकूनही त्याला स्थिर ठेवते. निम्मे दार उघडे असलेले कवच सुगंध कसा कोंडील? कवचाचे काम थेंब फिल्मच्या आत, विखुरलेला आणि जागेवर ठेवणे, तो पृष्ठभागावर पाझरू न देणे, एवढेच. सुगंधाला रोखते ती भोवतालची कोरडी, घट्ट फिल्म.

आणि येथे जैविक फिल्मची बदनाम झालेली उणीवच कामाला येते. हवा कोरडी असताना या फिल्मच्या साखळ्या जखडलेल्या असतात आणि तेल आत राहते. हवेत दमटपणा वाढला, की फिल्म पाणी शोषून फुगते, साखळ्या सैल होतात आणि तेल झपाट्याने बाहेर पडते. बुरशीला वाढायला जो ओलावा लागतो, त्याच ओलाव्याने बुरशीनाशक सुटते. पॉलिथिनला हे कधी जमणार नाही. शिवाय फळ हे श्वास घेते. त्यावर अभेद्य आवरण चढवले, तर आत प्राणवायू संपतो, फळ आंबते आणि त्याला दारूसारखा वास येऊ लागतो. ज्या फळाला श्वास घ्यायचा आहे, त्याच्या लेपाची परीक्षा पॉलिथिनच्या कसोटीवर घेण्यात काय हशील?

माझा सिद्धान्त एवढाच. कण-स्थिरीकृत इमल्शन हे वाफ अडवण्याचे साधन नाही. उडणारे तेल फिल्ममध्ये जागेवर ठेवून, फिल्मची ताकद सांभाळून, ओलाव्याच्या इशाऱ्यावर ते सोडण्याचे साधन आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीची जागा ते घेणार नाही. फळाच्या सालीवर, ओलसर खाद्याच्या वेष्टनात त्याची जागा आहे, आणि ती लहान नाही. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नॅनोसेल्युलोज तयार करण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला आहे; कण येथेच मिळू शकतात. फळे आपल्याकडे आहेत, बुरशीही आहे. उणीव आहे ती प्रश्न योग्य विचारण्याची.

म्हणून वाचकांना, आणि विशेषतः असे प्रस्ताव तपासणाऱ्या परीक्षकांना, एक विनंती. यापुढे कोणी महिनाभर टिकलेल्या इमल्शनची बाटली पुरावा म्हणून पुढे केली, तर ती बाजूला ठेवायला सांगा. वाळलेल्या फिल्मचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली मागा. वाळल्यानंतर किती तेल उरले, तो आकडा मागा. कोरड्या आणि दमट हवेत ते किती वेगाने सुटले, ते दोन्ही आकडे मागा. केवळ कण घातलेल्या फिल्मशी तुलना मागा. हे नसेल, तर दावा फेटाळा.